मदत हवी आहे: 'सेल्मा'सोबत वाचायला किंग यांचे मूळ भाषण मराठीत

अकरावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना 'सेल्मा' (२०१४) दाखवणार आहोत. अडचण अशी की चित्रपटातली मार्टिन ल्यूथर किंग यांची भाषणे शब्दशः त्यांची नाहीत. मूळ भाषणांचे चित्रपटहक्क आधीच दुसरीकडे गेले होते, म्हणून दिग्दर्शिका एव्हा डुव्हर्ने यांनी त्याच धाटणीची नवी लिहिली. जमली आहेत फर्मास, आणि पंचाईत तीच: मुले ती खरी समजतील.

म्हणून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठी सेल्मा गावातून माँटगोमेरी शहरापर्यंत निघालेल्या मोर्चाच्या शेवटी, २५ मार्च १९६५ला, किंग यांनी माँटगोमेरीत केलेले भाषण वाचून दाखवायचे आहे. इंग्रजी मजकूर आहे. मराठीत शोधले की १९६३चे वॉशिंग्टनचेच भाषण पुढे येते. यंत्राकडून भाषांतर करून पाहिले. बायबलचे संदर्भ आणि शेवटच्या 'किती काळ? फार काळ नाही' या प्रश्नोत्तरांची लय पार सपाट झाली.

७ मार्चचा सेल्मातल्या पुलावर मोर्चेकऱ्यांवर झालेला लाठीमार, ६ ऑगस्टचा मतदान हक्क कायदा वगैरे पार्श्वभूमी आम्ही सांगू. अध्यक्ष जॉन्सन यांच्या चित्रणावरचा वादही ठाऊक आहे (१५ जानेवारीचे त्यांचे किंग यांच्याशी फोनवरचे बोलणे ऐकले तर चित्रपटाने जरा अन्यायच केला असे मला वाटते), पण तो वेगळ्या तासाचा विषय.

पुस्तक, जुना दिवाळी अंक, साप्ताहिक, काहीही चालेल. पूर्ण नको, शेवटचा भाग पुरे. छायाप्रती वाटणार नाही. या भाषणाचा मराठी अनुवाद कुणाच्या पाहण्यात आहे का, आणि कुठल्या पुस्तकात किंवा अंकात?