नव्या एसएसडीवर डेबियन हलवल्यानंतर संगणक सुरू होत नाही

घाटंजी, जि. यवतमाळ
आमच्या गावच्या वाचनालयातील संगणकावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे. हार्ड डिस्क फार मंद झाल्यामुळे सर्व फाइली आरसिंक या नक्कल करण्याच्या आज्ञेने नव्या एसएसडीवर उतरवल्या आणि जुनी डिस्क काढून ठेवली. आता 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढाच संदेश येतो. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून डिस्कशिवाय संगणक सुरू होतो) पाहिले असता फाइली शाबूत दिसतात. पीकविम्याचे अर्ज भरायला शेतकरी येथेच येतात, त्यामुळे सगळे नव्याने न टाकता केवळ बूट लोडर (प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम) दुरुस्त करता येईल काय?

आर्वी, जि. वर्धा
नक्कीच येईल. यूईएफआय फर्मवेअर (मदरबोर्डवरील सुरुवातीचा प्रोग्राम) असलेल्या संगणकात सुरुवात कोठून करायची याची नोंद मदरबोर्डवर असते आणि ती जुन्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनशी (बूट लोडर ठेवण्याच्या भागाशी) बांधलेली असते. शिवाय ईएफआय फोल्डरमधील फाइली रूट पार्टिशनवर (प्रणालीच्या मुख्य भागावर) उतरल्या असल्या तरी फर्मवेअरला त्या वाचता येत नाहीत, कारण त्याला फॅट स्वरूपाचे स्वतंत्र पार्टिशन लागते. ते नव्या डिस्कवर नसेल तर आधी तयार करा. ५१२ एमबी पुरेसे आहेत. पेनड्राइव्हही यूईएफआय पद्धतीनेच सुरू करा. मग रूट पार्टिशन माउंट करून त्यात बूट-ईएफआयच्या जागी हे पार्टिशन जोडा, डेव्ह, प्रॉक, सिस आणि ईएफआयव्हार्स (मदरबोर्डवरील नोंदींचे फोल्डर) ही प्रणालीची फोल्डरे त्यात बाइंड करा म्हणजे जोडा, सीएचरूटने आत जा, म्हणजे पुढच्या आज्ञा नव्या डिस्कवरील प्रणालीत चालतील, आणि ग्रब हा बूट लोडर बसवणाऱ्या ग्रब-इन्स्टॉल व अपडेट-ग्रब या आज्ञा चालवा. ईएफआयव्हार्स राहिले तर मदरबोर्डवर नवी नोंद होत नाही. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून हे काम यूपीएसवरच करावे.

चिमूर, जि. चंद्रपूर
वरील उत्तर बरोबर आहे, पण सीएचरूटमध्ये असतानाच एफएसटॅब ही फाइलही (कोणते पार्टिशन कोठे जोडायचे याची यादी) तपासा. आरसिंकने फाइली येतात, पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) येत नाही. त्यामुळे ब्लकआयडी या आज्ञेने नवे क्रमांक पाहून रूट, ईएफआय आणि स्वॅप (मेमरी कमी पडल्यास वापरायचा डिस्कचा भाग) या तिन्ही ओळी बदलाव्या लागतात. काही मदरबोर्ड नवी नोंद टिकवत नाहीत. अशा वेळी ग्रब-इन्स्टॉलला रिमूव्हेबल हा पर्याय दिला की बूट लोडर फर्मवेअरच्या ठरलेल्या पर्यायी जागी बसतो.

घाटंजी, जि. यवतमाळ
दोघांचेही मनापासून आभार. ईएफआय पार्टिशन नव्हतेच. ते केल्यावर ग्रबचा मेनू आला. स्वॅपची ओळ मात्र बदलायची राहिली होती, त्यामुळे संगणक दर वेळी ९० सेकंद त्या पार्टिशनची वाट पाहत थांबत असे. नवा यूयूआयडी लिहिल्यावर तेही थांबले.