ऐंशीला स्टिअरिंग थरथरत असेल तर

ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास गाडीचं स्टिअरिंग थरथरतं आणि गॅरेजवाल्याने थेट सस्पेन्शनचं एस्टिमेट हातात ठेवलंय म्हणता. जरा थांबा. सिग्नलला उभी गाडी शांत आणि ठरावीक वेगालाच थरथर, म्हणजे इंजिन माउंटिंगवर (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) संशय नको, आधी चाकं बघा. ब्रेक दाबल्यावरच हादरत असेल तर दोष ब्रेकच्या डिस्कचा, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या तबकडीचा. एरवी बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं, काही शेकड्यांत होतं. मशीनवर चाक फिरताना स्वतः शेजारी उभे राहा. मुंबईच्या पावसाळी खड्ड्यांनंतर रिम वाकडी निघाली तर नवल नाही. सोबत अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, गळ्यात मारतील. गाडी एका बाजूला ओढत असेल तर जरूर करा, थरथर त्याने सहसा जात नाही.

तरी शंका उरली तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून ईस्टर्न फ्रीवेसारख्या मोकळ्या रस्त्यावर पहाटे चक्कर मारा. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली, तर दोष चाकातच. स्टीलची वाकलेली रिम ठोकून सरळ होते. अलॉयच्या रिमला तडा असेल किंवा टायरला फुगा, तर तिथे मात्र पैसे वाचवू नका. आणि सस्पेन्शनच म्हणत असतील तर गाडी जॅकवर घेऊन नेमका कुठला बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) हलतोय ते दाखवायला सांगा. जो ढिला दिसेल तेवढाच बदला, अख्खा सेट नव्हे.