शब्दचर्चा: खोकड, कोल्हा आणि ‘मार्कर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: अनुवादिका, विलेपार्ले

नमस्कार मंडळी. बारा-चौदा वर्षांच्या मुलांच्या एका अंकासाठी ‘फॉक्स’वरचा लेख मराठीत करते आहे. डीएनएमधले ‘जेनेटिक मार्कर’ वाचून या रानटी प्राण्यांचा जुना इतिहास कसा काढतात, असा विषय आहे. ती कुठून आली, एकमेकांपासून कधी तुटली, कधी फार थोडी उरली, वगैरे. पहिल्याच वाक्याला अडले आहे:

‘जनुकीय चिन्हकांच्या साहाय्याने कोल्ह्यांच्या लोकसंख्येचा इतिहास अभ्यासता येतो.’

चिन्हक, कोल्हा, लोकसंख्या. तिन्ही शब्द मला खटकतात, पण दुसरे सुचत नाहीत.

उत्तर: वाचक, भांडुप

ताई, आधी प्राण्याचं नाव नक्की करू. फॉक्स म्हणजे खोकड. कोल्हा म्हणजे जॅकल. आमच्या भांडुप-कांजूर-विक्रोळीच्या खाडीकाठी तिवरांत राहतो तो कोल्हा. तिन्हीसांजेला एकाने सूर लावला की बाकीचे त्यात मिसळतात. ‘कोल्हेकुई’ हा शब्द त्यावरूनच आला. खोकड असा मेळा जमवून ओरडत नाही. आपल्याकडचं खोकड अंगाने बरंच लहान, शेपूट झुपकेदार आणि टोकाला काळी, आणि राहायला त्याला उघडं माळरान लागतं. सोलापूरकडच्या माळावर कुणालाही विचारा, कोल्हा वेगळा आणि खोकड वेगळं, हे पोरंसुद्धा सांगतील.

मुंबईत माळच उरला नाही. प्राणी डोळ्यांसमोर नाही, म्हणून शब्दही तोंडात नाही. माझा भाचा कार्टून बघून ‘लोमडी’ म्हणतो. मराठीत शब्द असताना तो हिंदीतून शिकतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

इसापाच्या द्राक्षांच्या गोष्टीतलं खोकड मराठीत आलं ते कोल्हा होऊन. ती म्हण आता आपली झाली, तिला हात लावू नये. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही मात्र अस्सल इथलीच आणि ती कोल्ह्याचीच. तुमचा लेख वंशाबद्दल आहे, तिथे सरमिसळ चालणार नाही. कोल्ह्याची गुणसूत्रं 78, म्हणजे कुत्र्याइतकीच. तांबड्या खोकडाची, म्हणजे ‘रेड फॉक्स’ची, मूळ गुणसूत्रं 34. नात्याने कोल्हा कुत्र्या-लांडग्याच्या घरातला आहे, खोकडाचं घर वेगळं.

उत्तर: निवृत्त शिक्षिका, गिरगाव

मी पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, म्हणून ‘मार्कर’बद्दल जरा सविस्तर लिहिते.

‘चिन्हक’ चूक नाही, पण मुलांना तो शब्द काहीच दाखवत नाही. ‘चिन्ह’ म्हटलं की कुणीतरी ठरवून दिलेली गोष्ट वाटते, निवडणुकीतल्या चिन्हासारखी. डीएनएमधली ही गोष्ट कुणी दिलेली नसते. ती असते आणि आपण ती ओळखायला शिकतो. त्यासाठी आपल्याकडे ‘खूण’ आहे. जन्मखूण कुणी काढत नाही, पण तिच्यावरून माणूस ओळखता येतो. ओळखीची खूण, खुणेचं झाड, मनाशी बांधलेली खूणगाठ, हे सगळं मुलांना ठाऊक असतं.

दुसरी अडचण ‘जनुकीय’ची. जनुक म्हणजे डीएनएचा कामाचा तुकडा. इतिहास शोधायला वापरतात त्यातल्या पुष्कळशा खुणा जनुकांत नसतातच, त्या मधल्या पट्ट्यांत असतात. तिथे दोन-चार अक्षरांचा तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करताना एखादं जास्त किंवा कमी मोजलं जातं, तसं डीएनएची नक्कल होताना या आवर्तनांत एखाद्याची चूक होते. एका खोकडात चौदा, दुसऱ्यात सतरा. अशा चुकांनी सहसा प्राण्याचं काही बिघडत नाही, म्हणून त्या पिढ्यान्‌पिढ्या तशाच उतरतात. दोन टापूंतल्या खोकडांची ही मोजणी ताडून पाहिली की त्यांचं येणं-जाणं होतं का, ते कळतं. मुलांनी ‘जनुकीय खूण’ वाचलं तर त्यांना वाटेल की एखाद्या रंगाचं किंवा शेपटीचं जनुक शोधलं. म्हणून मी ‘आनुवंशिक खूण’ लिहीन.

उत्तर: वाचक, भांडुप

बाई, ‘आनुवंशिक’ बारा वर्षांच्या मुलाला जड जाईल. सरळ ‘वंशखूण’ केलं तर?

उत्तर: निवृत्त शिक्षिका, गिरगाव

शब्द सुटसुटीत आहे, पण मन घेत नाही. आपल्याकडे ‘वंश’ म्हटलं की वंशाचा दिवा आठवतो, म्हणजे मुलगा. आणि या अभ्यासातला एक मोठा भाग तर आईकडून येतो. पेशीतल्या तंतुकणिकांना (मायटोकॉन्ड्रियांना) स्वतःचं थोडं डीएनए असतं, ते पिल्लाला फक्त आईकडून मिळतं. नराच्या अंगात आईची खूण असते, पण तो ती पुढे देत नाही. वाय गुणसूत्राचं उलट: ते बापाकडून मुलग्याला. म्हणून एकाच खोकडाच्या डीएनएमध्ये दोन वेगळे प्रवास वाचता येतात.

पहिल्या प्रकाराला मी वर्गात ‘आजोळची खूण’ म्हणायचे. मुलांना लगेच कळायचं: आईची आई, तिची आई, तिचीही आई. पारिभाषिक शब्द म्हणून तो चालायचा नाही, समजावून सांगताना मात्र जरूर वापरा.

उदाहरण देते. अमेरिकेच्या पूर्व भागातली तांबडी खोकडं इंग्रजांनी शिकारीच्या हौसेपायी आणलेल्यांची पिलावळ, असं फार काळ मानत होते. आजोळच्या खुणा तपासल्या तेव्हा बहुतेक खोकडं तिथलीच, उत्तरेकडून खाली पसरलेली निघाली. विलायती आजोळ सापडलं ते पूर्व किनाऱ्याकडच्या काहींचं. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या खोकडांनाही उपरी समजत. 2010 साली खुणांनी सांगितलं की ती मूळची तिथलीच. एखाद्या प्राण्याला उपरा ठरवलं की त्याला वाचवायला कुणी पुढे येत नाही, त्यामुळे हा नुसता वंशावळीचा प्रश्न राहत नाही.

उत्तर: अनुवादिका, विलेपार्ले

बाई, ‘आजोळची खूण’ मी घेतेच! पण मग या खुणा मिळवायच्या कशा, प्राणी पकडून?

उत्तर: निवृत्त शिक्षिका, गिरगाव

दरवेळी नाही. विष्ठा, केस, संग्रहालयातली जुनी कातडी, हाडं, काहीही चालतं. 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोरा खिंडीजवळ आमिषाची पिशवी टांगून कॅमेरा लावला होता. त्यात एक खोकड पिशवीला चावताना दिसलं. पिशवीवर राहिलेल्या लाळेतल्या डीएनएवरून ते सिएरा नेवाडा डोंगररांगेतलं दुर्मिळ तांबडं खोकड असल्याची खात्री झाली. तुमच्या लेखात हे जरूर घाला.

आता ‘लोकसंख्या’. लोक म्हणजे माणसं, म्हणून खोकडांची लोकसंख्या होऊच शकत नाही. पुस्तकी शब्द ‘समष्टी’ आहे, पण मुलांच्या अंकात मी तो टाळीन. किती आहेत हे सांगायचं असेल तिथे ‘संख्या’, एका टापूत आपापसांत वीण होणारी खोकडं म्हणायची असतील तिथे ‘टापूतली खोकडं’ किंवा ‘गट’. इंग्रजीत एक शब्द आहे म्हणून मराठीत एकच हवा, असं काही नाही.

उत्तर: बँकेतून निवृत्त, ठाणे

मुलुंडपर्यंत रोज गाडी चालवतो, म्हणून ‘बॉटलनेक’ या एकाच शब्दाबद्दल विचारतो. या विषयात तो हमखास येणार, प्राणी एकदम फार थोडे उरले हे सांगायला. ‘बाटलीची मान’ लिहू नका, एवढी विनंती.

उत्तर: निवृत्त शिक्षिका, गिरगाव

नाही लिहायचं. आपल्याकडे ‘रोडावणे’ आहे. संख्या रोडावली, वंश रोडावला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे सॅन निकोलस नावाचं बेट आहे. तिथली लहान चणीची खोकडं 1990 च्या सुमारास तपासली, तर त्यांच्या खुणा जवळजवळ एकसारख्या. कधीतरी ती इतकी थोडी उरली होती की आज असलेली सगळी त्या मूठभरांचीच. ‘वंश रोडावला’ म्हटलं की हे सगळं त्यात येतं. ‘वंशखूण’ला मी नको म्हटलं, पण इथे ‘वंश’ शोभतो, कारण आई-बाप दोन्हीकडचं रोडावणं त्यात आहे.

उत्तर: वाचक, भांडुप

जाता जाता एक. ‘खोकड’ नपुंसकलिंगी ठेवा: ते खोकड, ती खोकडं. पुल्लिंगी म्हणणारेही आहेत, पण लेखभर एकच हवं. आणि ‘प्रजाती’ जपून. विश्वकोशात ‘स्पीशीज’ला जाती म्हणतात आणि ‘जीनस’ला प्रजाती, वर्तमानपत्रं मात्र ‘स्पीशीज’लाच प्रजाती म्हणतात.

उत्तर: अनुवादिका, विलेपार्ले

‘जाती’ मुलांना वेगळ्याच अर्थाने माहीत आहे, म्हणून मी शक्य तिथे ‘प्रकार’ लिहिते. काटेकोर नाही हे मान्य. पहिलं वाक्य आता असं केलंय:

‘रानातल्या खोकडाच्या डीएनएमध्ये त्याच्या आजोळच्या आणि बापाकडच्या खुणा असतात. त्या वाचल्या की त्याचे पूर्वज कुठून आले, कुठे अडकून पडले आणि कधी रोडावले, हे कळतं.’

उत्तर: निवृत्त शिक्षिका, गिरगाव

‘कळतं’च्या आधी ‘पुष्कळसं’ घाला. सगळं कळत नाही.