अलास्का क्रूझवरील टिप : खात्यातून कापल्या जाणाऱ्या रकमेव्यतिरिक्त कोणाला, केव्हा आणि किती द्यावे?

मेधा_कोथरूड

नमस्कार. येत्या जुलै महिन्यात मी, माझे यजमान आणि माझे आईवडील असे चौघे जण सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या सात रात्रींच्या अलास्का क्रूझला जाणार आहोत. भाऊ तिथेच नोकरीला असल्यामुळे आईवडिलांचे सिअ‍ॅटलला जाणे ठरलेलेच होते आणि त्यालाच जोडून ही सहल आखली. भाड्याचे पैसे भरून झाले आहेत. आता कंपनी विचारते आहे की ‘ग्रॅच्युइटी’ (म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची टिप) आधीच भरणार, की जहाजावर रोजच्या रोज खात्यावर लावायची? माणशी दररोज १८ डॉलर या हिशेबाने आम्हा चौघांचे सात रात्रींचे ५०४ डॉलर होतात, म्हणजे चाळीस हजार रुपयांहून अधिक.

यावरून घरात दोन मते आहेत. यजमानांच्या मते एवढी रक्कम दिल्यानंतर वर काहीही देण्याचा प्रश्नच उरत नाही. वडिलांचे म्हणणे असे की, दिवाळीची पोस्त आपण पोस्टमन, सफाई कामगार, इस्त्रीवाले यांच्या हातात स्वतः ठेवतो, त्यांची विचारपूस करतो. परस्पर कापून घेतलेल्या रकमेत ते काहीच नसते, म्हणून ज्यांनी आपली सेवा केली त्यांना ती समक्षच द्यावी. वडिलांना फार चालवत नाही, त्यामुळे बंदरावर व्हीलचेअरची मदत घ्यावी लागेल. आई कांदा-लसूण खात नाही, म्हणजे जेवणाच्या वेळी कोणाला तरी आमच्यासाठी जास्तीचे कष्ट पडणार हे उघड आहे. अशा वेळी कोणाला, कोणत्या दिवशी आणि साधारण किती द्यावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

एडिसनकर

आम्ही अमेरिकेत राहत असल्यामुळे क्रूझचे प्रवास बरेच झाले आहेत, त्यांतला एक अलास्काचा होता. आधी एक खुलासा करतो. ही दैनिक रक्कम केबिन साफ करणारा, जेवणघरातले वाढपी व त्यांचे मदतनीस आणि बहुतेक कंपन्यांत पडद्याआडचे काही कर्मचारी, उदाहरणार्थ धुलाईखान्यातले लोक, यांच्यात वाटली जाते. तपशील कंपनीगणिक बदलतो. मोठ्या अमेरिकी कंपन्यांचा साध्या केबिनचा दर अलीकडे साधारण १६ ते २० डॉलरच्या दरम्यान असतो, त्यामुळे तुम्हाला सांगितलेला आकडा नेहमीचाच आहे. आधी भरून टाकण्याचा फायदा असा की दर मध्येच वाढला तरी तुम्हाला जुनाच लागू राहतो आणि शेवटच्या दिवशी बिल पाहून धक्का बसत नाही.

आता एक चूक सांगतो, जी पहिल्या प्रवासात आमच्याकडून रोज होत होती. बारमध्ये किंवा कॉफीच्या काउंटरवर जे काही विकत घ्याल त्याच्या किमतीवर १८ ते २० टक्के सेवाशुल्क आधीच लावलेले असते. तरीही सहीसाठी येणाऱ्या पावतीवर टिपसाठी आणखी एक रिकामी ओळ असते. अमेरिकी हॉटेलांच्या सवयीने आम्ही त्या ओळीवर पुन्हा १५ टक्के लिहीत होतो. तुम्हाला खुशीने द्यायचे असेल तर अवश्य द्या, पण ती जागा रिकामी सोडण्यात कोणताही अपमान नाही. पेयांचे पॅकेज, वेगळे पैसे देऊन जेवायची उपाहारगृहे आणि स्पा यांनाही हेच लागू आहे.

जहाजाबाहेरच्या लोकांना मात्र त्या ५०४ डॉलरमधला एक सेंटही मिळत नाही. सिअ‍ॅटलच्या बंदरावर तुमच्या बॅगा उतरवून घेणारे हमाल बंदराचे कामगार असतात, त्यांना बॅगेमागे एक-दोन डॉलर देण्याची रीत आहे. व्हीलचेअर ढकलत जहाजापर्यंत नेणाऱ्या मदतनिसाला पाच ते दहा डॉलर द्यावेत. जुनो किंवा स्कॅगवे येथे सहल घेतलीत तर मार्गदर्शकाला माणशी पाच ते दहा आणि बसचालक वेगळा असेल तर त्यालाही दोन-तीन डॉलर देतात. यांच्यापैकी बरेच जण फक्त उन्हाळ्याच्या हंगामापुरते अलास्कात येतात आणि त्या चार-पाच महिन्यांच्या कमाईवर त्यांचे बरेच काही अवलंबून असते.

भारतातून निघताना परकीय चलन विकणारे बहुधा १०० डॉलरच्या नोटा देतात. आग्रह धरून एक आणि पाचच्या नोटा मागून घ्या, नाहीतर ऐन वेळी हातात काही नसते.

सुधीर_ठाणे

माझे मत वेगळे आहे आणि ते मी पूर्ण गांभीर्याने मांडतो. टिप म्हणजे ग्राहकाने स्वेच्छेने दिलेली रक्कम. ती कंपनीने दर ठरवून, खात्यावर चढवून, त्यात दरवर्षी वाढ करून घेतली जात असेल तर ती टिप नव्हे, भाड्याचाच लपवलेला भाग आहे. जाहिरातीत कमी भाडे दाखवायचे आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचा बोजा मागील दाराने प्रवाशावर टाकायचा, ही पद्धत मला अप्रामाणिक वाटते. हे वेगळ्या रीतीने करता येते, याचे उदाहरणही आहे : ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये हे दैनिक शुल्क बंद करून ते भाड्यातच धरले. सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट अशा महागड्या कंपन्यांच्या भाड्यातही टिप धरलेली असते.

म्हणून गेल्या प्रवासात मी प्रवासी सेवा कक्षात जाऊन ती रक्कम काढून टाकायला लावली (बऱ्याच कंपन्या प्रवास संपण्यापूर्वी विनंती केल्यास ती काढतात) आणि आमच्या केबिनवाल्याला व वाढप्याला मिळून तेवढेच पैसे रोख दिले. मेधाताई, तुमच्या वडिलांनी सांगितलेला मार्ग मला योग्य वाटतो.

तारवटी_पेडणे

आमच्याकडे गोव्यात जहाजावर काम करणाऱ्याला तारवटी म्हणतात. मी स्वतः अकरा वर्षे क्रूझ जहाजांच्या जेवणघरात काम केले, मदतनीस म्हणून सुरुवात करून मुख्य वाढपी झालो. सुधीरजींचा संताप मला समजतो आणि पगार कंपनीनेच द्यावा हे त्यांचे तत्त्व मलाही मान्य आहे. परंतु त्यांनी जो उपाय केला त्याचा परिणाम कंपनीवर झालेला नाही. तो कोणावर झाला, हे सांगणे मला आवश्यक वाटते.

जहाज सिअ‍ॅटलहून सुटत असले तरी त्याची नोंदणी बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टा अशा एखाद्या ठिकाणी असते, म्हणून अमेरिकेतला किमान वेतनाचा कायदा आम्हाला लागू होत नाही. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ पासून अंमलात आहे आणि त्याने चोवीस तासांत किमान १० तास व आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती बंधनकारक केली आहे. ही मोठी गोष्ट आहे, परंतु याचा अर्थ असाही होतो की उरलेले तास कामाचे असू शकतात. सहा ते नऊ महिन्यांच्या करारात आठवड्याची सुटी अशी नसते. माझ्या करारात मूळ पगार अगदी थोडा होता आणि घरी जी रक्कम जात असे तिचा मोठा हिस्सा या टिपच्या वाट्यातूनच येई. त्यामुळे ज्याला तुम्ही बक्षिसी समजता तो आमच्या दृष्टीने पगारच होता.

एका प्रवाशाने ती रक्कम काढली की सर्वांच्या सामाईक वाट्यातून ती कमी होते. ज्याने पुसलेल्या बशीत तुमचे जेवण वाढले गेले, ज्याने तुमच्या चादरी तळमजल्यावर धुतल्या, त्याची तुमची कधी गाठच पडत नाही, म्हणून तुमचे पाकीटही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दुसरे असे की, काही जहाजांवर नियमच आहे : ज्या प्रवाशाने शुल्क काढून टाकले आहे त्याच्याकडून मिळालेली रोख टिप कर्मचाऱ्याने सामाईक वाट्यात जमा करायची. म्हणजे ज्याला समक्ष दिल्याचे समाधान तुम्हाला मिळाले त्याच्याकडे ते पैसे राहिलेच असतील असे सांगता येत नाही. शुल्क कायम ठेवून वर दिलेले पैसे मात्र त्याचे स्वतःचे असतात. मेधाताईंच्या वडिलांची इच्छा पुरी करण्याचा खरा मार्ग तो आहे.

पूर्वी तुमच्या वडिलांच्या मनातली पद्धतच चालत असे. शेवटच्या रात्री प्रत्येक प्रवासी पाकिटे घेऊन जेवायला येई आणि वाढप्याच्या, मदतनिसाच्या हातात एकेक देई. संपूर्ण प्रवासभर तेच टेबल आणि तोच वाढपी असे, म्हणून ते जमत होते. २००० च्या सुमारास हव्या त्या वेळी, हव्या त्या टेबलावर जेवण्याची पद्धत सुरू झाली आणि कोणाला कोणी वाढले याचा हिशेब राहिला नाही. रोजचे शुल्क सर्वत्र पसरण्यामागे हे एक मोठे कारण आहे. माझ्या आधीच्या पिढीतल्या तारवट्यांकडून ऐकलेली गोष्ट अशी की, शेवटच्या रात्री काही टेबले रिकामीच राहत, कारण तिथले प्रवासी पाकीट द्यावे लागू नये म्हणून त्या दिवशी दुसरीकडे जेवत. आठवडाभर त्यांच्या आवडीनिवडी लक्षात ठेवणाऱ्या माणसाला ती रिकामी खुर्ची पाहून काय वाटत असेल, हे मला सांगावयास नको.

आता वेळेविषयी. पाकीट शेवटच्या सकाळी देऊ नका. त्या दिवशी जहाज पहाटे धक्क्याला लागते, तुम्ही नऊ-दहापर्यंत उतरता आणि दुपारपासून नवे प्रवासी चढू लागतात. तेवढ्या वेळात केबिनवाल्याला पंधरा-वीस केबिन नव्याने लावायच्या असतात, त्यामुळे तो तुम्हाला भेटेलच असे नाही आणि भेटला तरी दोन शब्द बोलण्याची त्याला उसंत नसते. आदल्या संध्याकाळी तो खोली आवरायला येतो तेव्हा द्या. रिकामी पाकिटे प्रवासी सेवा कक्षात मागितली की मिळतात. वाढप्याला शेवटच्या रात्रीच्या जेवणानंतर द्या. काही जण निम्मी रक्कम पहिल्याच दिवशी देतात. मला ते विशेष आवडत नसे, कारण त्यात सेवा विकत घेतल्याची छटा येते. परंतु आईंच्या कांदा-लसणाविना जेवणाची जो मुख्य वाढपी व्यवस्था करील त्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मनापासून धन्यवाद द्या आणि पैसे शेवटी द्या. ही सोय साधारणपणे आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचे जेवण ठरवून केली जाते आणि त्यासाठी तो स्वयंपाकघरात स्वतः जाऊन सांगत असतो. पहिल्याच रात्री त्याला भेटून सर्व स्पष्ट सांगावे.

किती द्यावे याचा नियम नाही. चार जणांच्या कुटुंबाकडून केबिनवाल्याला वीस ते चाळीस डॉलर आणि मुख्य वाढप्याला तितकेच मिळाले तर आम्ही त्याला भरघोस म्हणत असू. नाणी देऊ नका, परदेशी बंदरात ती बदलून मिळत नाहीत. कप्तान किंवा इतर अधिकाऱ्यांना पैसे देऊ करू नयेत, ते अवघडून जातात.

एक गोष्ट पैशांहून उपयोगी पडते. प्रवासानंतर कंपनी जे अभिप्रायाचे पत्रक पाठवते त्यात त्या माणसाचे नाव आणि त्याने नेमके काय केले ते लिहा. माझी पहिली बढती अशा नावानिशी आलेल्या अभिप्रायांच्या जोरावर झाली.

सुधीर_ठाणे

रोख रक्कम पुन्हा जमा करावी लागते, हा नियम मला खरोखरच माहीत नव्हता. पद्धतीविषयीचा माझा आक्षेप कायम आहे आणि तो मी कंपनीला लेखी कळवीन, परंतु पुढच्या प्रवासात शुल्क काढायला लावणार नाही.

शुभदा_नाशिक

सहल कंपनीबरोबर गटाने जाणाऱ्यांसाठी थोडे लिहिते. आम्ही सिंगापूरहून क्रूझ केली तेव्हा माहितीपत्रकात ‘टिप समाविष्ट’ असे छापले होते. प्रत्यक्षात त्यात जमिनीवरचे मार्गदर्शक आणि बसचालक तेवढे धरले होते, जहाजाचे शुल्क धरलेले नव्हते, आणि शेवटच्या दिवशी गटातल्या ज्येष्ठ मंडळींना ते भरण्यासाठी रांगेत उभे राहावे लागले. पैसे भरण्यापूर्वी हा एक प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारून उत्तर लेखी घ्यावे. मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजाचे तिकीट काढतानाही हाच प्रश्न विचारावा.

मेधा_कोथरूड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही कालच परतलो, म्हणून पुढे जाणाऱ्यांसाठी काय केले ते लिहिते.

शुल्क आधीच भरले. पुण्यातून ६० डॉलर एक आणि पाचच्या नोटांत आग्रहाने मागून घेतले होते, ते हमाल, व्हीलचेअरचा मदतनीस आणि जुनोला देवमासे दाखवायला नेणाऱ्या नावेवरची मार्गदर्शक मुलगी यांच्यातच संपले. त्यामुळे चौघांसाठी निदान शंभर डॉलर सुटे असावेत असे मी म्हणेन. मोठी नोट सेवा कक्षात मोडून मिळाली, पण शेवटच्या संध्याकाळी तिथे फार मोठी रांग होती, ते काम एक दिवस आधी उरकावे.

मुख्य वाढपी मंगळुरूचे होते. आईसाठी त्यांनी रोज एक भाजी आणि डाळ वेगळी करवून घेतली आणि चौथ्या दिवशी तिने न सांगता ताकही आणून ठेवले. केबिन पाहणारा मुलगा इंडोनेशियाचा होता. त्याची स्वतःची मुलगी सात महिन्यांची आहे आणि त्याने तिला अजून प्रत्यक्ष पाहिलेले नाही, हे वडिलांनी तिसऱ्या दिवशीच विचारून घेतले होते. शेवटच्या संध्याकाळी तो आला तेव्हा वडील खुर्चीतून उठून उभे राहिले आणि पाकीट दोन्ही हातांनी त्याच्याकडे दिले. वर मुलीसाठी म्हणून अकरा डॉलर निराळे ठेवले होते. अकराच का, हे त्याला समजावून सांगण्यात पुढची दहा मिनिटे गेली. अभिप्रायाचे पत्रक आज सकाळी आले आहे. त्यात या दोघांची नावे आणि ताकाची हकिकत मी लिहून पाठवली आहे.