साडेनऊ महिन्यांची मुलगी: फॉर्म्युला भरपूर, जेवण दोन चमचे. मेळ कसा घालावा?

सानुलीचाबाबा
नमस्कार. आमची मुलगी साडेनऊ महिन्यांची आहे. पूर्ण दिवसांची जन्मली, आत्ता वजन ८ किलो ३०० ग्रॅम, रांगते, धरून उभी राहते, तब्येतीची तशी तक्रार नाही. चौथ्या महिन्यानंतर आईचं दूध बंद झालं, तेव्हापासून पूर्ण फॉर्म्युलावर आहे. सहा महिने झाल्यावर वरचं खाणं सुरू केलं. पहिले चार-पाच आठवडे आवडीने चाखायची. आता चमचा जवळ आला की ओठ घट्ट मिटते आणि मान फिरवते. दोन चमचे पोटात गेले तर तो चांगला दिवस.

दूध मात्र व्यवस्थित पिते. पहाटे ६ ला २१० मिली, मग ९, १२:३०, ४ आणि झोपताना ८ ला प्रत्येकी १८०, शिवाय रात्री १ च्या सुमारास उठली की ९०. जेवण भरवायला बसतो ९:३०, १ आणि संध्याकाळी ७ ला.

दूध कमी केलं तर उपाशी राहील, वजन उतरेल ही भीती. नाही केलं तर जेवायला कधी शिकणार ही काळजी. किती कमी करायचं, कुठली बाटली आधी, दूध आधी की जेवण आधी? पुढच्या महिन्यापासून दिवसभर ती माझ्याकडेच असणार आहे, त्याआधी घडी बसवायची आहे. जे यातून गेलेत त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा.

दोनदाआई
दादा, एकदम दूध तोडू नका, एवढं आधी सांगते. मोठ्याच्या वेळी मला कुणीतरी म्हणालं, भूक लागली की आपोआप खाईल. मी दुपारच्या दोन्ही बाटल्या एकाच दिवशी बंद केल्या. तो इतका कळवळला की समोर वाटी धरली तर ढकलून रडायचा. कडकडून भूक लागलेल्या बाळाला नवीन काही शिकायचा धीर नसतो, त्याला ओळखीचंच हवं असतं. तिसऱ्या दिवशी बाटल्या परत आल्या, पण चमच्याची धास्ती जायला महिना लागला.

धाकटीच्या वेळी आधी फक्त वेळा सरकवल्या, मिली नंतर कमी केले. रडारड झालीच नाही.

पोषणवाटी
मी आहारतज्ज्ञ आहे, लहान मुलांसोबतच काम करते. तुम्ही आकडे दिलेत ते फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे.

दिवसाचं दूध झालं १०२० मिली. नेहमीच्या फॉर्म्युल्यात १०० मिलीमागे साधारण ६७ किलोकॅलरी असतात, म्हणजे दुधातूनच तिला ६८० च्या आसपास मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ९ ते ११ महिन्यांच्या बाळाची दिवसभराची एकूण गरजच सुमारे ७०० आहे. मग जेवणासाठी भूक उरणार कुठून? ती हट्ट करत नाहीये. पोट भरल्याचं सांगतेय, आणि बरोबर सांगतेय.

दुसरी गोष्ट पोटाच्या आकाराची. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅम मावतं असं धरतात. तुमच्या मुलीचं झालं अडीचशे मिलीच्या आसपास. ९ ला १८० मिली पिऊन ९:३० ला ती वाटीसमोर बसते. १ वाजताही तेच. दिवसातली दोन जेवणं अशी भरल्या पोटावर येतात.

आता किती दूध हवं ते. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा अंदाज ७ ते ९ महिन्यांना रोज सुमारे ६०० मिली आणि १० ते १२ महिन्यांना सुमारे ४०० मिली असा आहे. इतरत्र यापेक्षा थोडे वरचे आकडे दिसतील. मी स्वतः पालकांना एकच आकडा गाठायला कधी सांगत नाही. खाणं वाढेल तसं दूध उतरू द्यायचं. तुमच्यासाठी पहिला मुक्काम ७०० मिलीच्या आसपास ठेवा, तोही तीन आठवड्यांत. वर्षाच्या आत दूध हा मोठा आधार आहेच, त्यामुळे ते काढून टाकायचं नाहीये, फक्त जेवणाला जागा करून द्यायची आहे.

पहिल्या आठवड्यात मिलीला हातच लावू नका, क्रम बदला. ६ ची बाटली तशीच. ८:३० ला नाश्ता, त्यानंतर तासाभराने दूध. १२ ला जेवण, दूध झोपेतून उठल्यावर. संध्याकाळचं जेवण ६ ला घ्या, ७ ला ती दमलेली असते. दुसऱ्या आठवड्यापासून ज्या जेवणात ती जरा बरं खाते, त्यानंतरच्या बाटलीतून ३० मिली कमी. दोन-तीन दिवस बघा, मग पुढचे ३०. कमी करताना पाणी आणि पावडर दोन्ही डब्यावरच्या प्रमाणातच कमी व्हायला हवेत. नुसती पावडर कमी केली तर दूध पातळ होतं, आणि ते बाळासाठी खरोखर धोक्याचं आहे.

वाटीत काय आहे तेही लिहा.

रांगतंघर
आमच्याकडे बाटलीतच शिजवलेल्या धान्याची पेज मिसळून द्यायचे. पोटात तरी जातं.

पोषणवाटी
@रांगतंघर, तुमची कळकळ समजते, पण हे करू नका. घट्ट झालेलं दूध घशात अडकू शकतं, किती खाल्लं याचा बाळाला अंदाज राहत नाही, आणि मुख्य म्हणजे ते खायला शिकत नाही. चघळणं, जिभेने घास मागे नेणं हे बाटलीतून शिकता येत नाही.

सानुलीचाबाबा
क्रमाचं डोक्यातच आलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, आधी दूध दिलं की शांतपणे जेवेल.

वाटीत असतं ते असं: डाळीचं वरचं पाणी, भाज्यांचं गाळलेलं सूप, सफरचंदाचा गर. सगळं मिक्सरमधून अगदी गुळगुळीत, कारण एकदा तिला ठसका लागला आणि आम्ही दोघंही घाबरलो. आणि एक कबूल करतो. गेले दोन आठवडे मी समोर मोबाइलवर गाणी लावून, हनुवटी धरून चमचा आत घालत होतो. ती रडायची, पण निदान चार चमचे जायचे. आता लिहिताना वाईट वाटतंय.

दोनदाआई
वाईट वाटून घेऊ नका. भीतीपोटी आपण सगळेच कधी ना कधी तिथे जातो. आजपासून थांबवा, बास. बाळं लवकर विश्वास ठेवतात.

मऊगुठळी
मला वाटतं अर्धा प्रश्न त्या गुळगुळीतपणाचा आहे. साडेनऊ महिन्यांत ती चघळायला तयार असते, दात असोत वा नसोत. हिरड्या भरपूर काम करतात. माझा मुलगा गर थुंकायचा आणि त्याच दिवशी माझ्या ताटातला उकडलेला बटाटा मुठीत धरून खायचा. तेव्हा कळलं की त्याला खायचं होतं, भरवून घ्यायचं नव्हतं.

दोन बोटांत सहज चिरडला जाईल इतका मऊ तुकडा द्या: वाफवलेलं गाजर, रताळं, पिकलेलं केळं, उकडलेल्या अंड्याचा काप. सुरुवातीला बोटाएवढा लांब, म्हणजे मुठीतून वर डोकावतो. दुसरा चमचा तिच्या हातात द्या. सांडेल, केसांत जाईल, जाऊ द्या. उशिरापर्यंत फक्त गुळगुळीत खाल्लेल्या मुलांना पुढे गुठळ्यांचा त्रास जास्त होतो, म्हणून आता लांबवू नका.

ठसक्याबद्दल. ओकारीसारखा आवाज करत, डोळ्यांत पाणी आणून घास पुढे ढकलणं हा शरीराचा बचाव आहे. आवाज येतोय, रंग ठीक आहे, तर हात लावू नका. घास खरोखर अडकला की आवाज बंद होतो, खोकता-रडता येत नाही. तेव्हा काय करायचं हे घरातल्या प्रत्येकाने प्रत्यक्ष शिकून घ्या. आम्ही एका दुपारी जाऊन शिकलो आणि माझी निम्मी धास्ती तिथेच गेली. अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे किंवा सफरचंदाचे कडक तुकडे नकोत. द्राक्ष उभं चिरून चार फोडी.

पोषणवाटी
गुठळ्यांचं सगळं पटलं. आता त्या पातळ पाण्याविषयी बोलते, कारण मला खरी चिंता त्याची आहे.

डाळीच्या पाण्यात डाळ नसते. पोट भरतं, पण ऊर्जा आणि लोह फार थोडं मिळतं. चमचा वाकडा केला तरी घास चटकन ओघळू नये इतकं घट्ट हवं. डाळ शिजवून कुस्करून द्या, पाणी काढू नका. वाटीत एक लहान चमचा तेल किंवा लोणी घातलं की ३५ ते ४५ किलोकॅलरी वाढतात आणि घासही मऊ होतो.

फॉर्म्युल्यात लोह घातलेलं असतं. आपण दूध उतरवतो तेव्हा तेही उतरतं, आणि वजनाच्या मानाने याच वयात गरज सर्वांत जास्त असते. अमेरिकेतली शिफारस ७ ते १२ महिन्यांसाठी रोज ११ मिलीग्रॅम आहे, मोठ्या पुरुषाला ८ पुरतात. म्हणून उतरलेल्या दुधाच्या जागी सफरचंदाचा गर आला तर तो सौदा तोट्याचा. मांस किंवा मासे खात असाल तर मऊ शिजवून बारीक करून द्या. नसाल तर डाळी, कडधान्यं, लोहयुक्त धान्याचं तयार खाणं, आणि सोबत टोमॅटो, संत्रं असं क जीवनसत्त्व देणारं काहीतरी, त्याने वनस्पतीतलं लोह जास्त शोषलं जातं. अंडं आणि शेंगदाण्याचं पातळ केलेलं लोणीही वर्षाआधीच सुरू करा. २०१५ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ज्या बाळांना शेंगदाणा लवकर आणि नियमित दिला, त्यांच्यात पुढे त्याची ॲलर्जी खूप कमी दिसली. अंगावर तीव्र इसब असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. मीठ-साखर नको, मध वर्षाच्या आत अजिबात नको.

भरवण्याबद्दल एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी मांडलेली कामाची वाटणी मी प्रत्येक घरी सांगते: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही हे बाळाने. मान फिरवली की वाटी उचला. वीस मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका. एखादा पदार्थ आठ-दहा वेळा समोर आल्यावर आवडणं अगदी नेहमीचं आहे.

वॉर्डातलीताई
मी बालविभागात परिचारिका आहे. रात्रीच्या ९० मिलीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. तिची वाढ चांगली आहे, या वयात फॉर्म्युलावरच्या बाळाला रात्रीच्या दुधाची सहसा गरज उरत नाही. दोन-दोन रात्रींनी ३० मिली कमी करा, मग नुसतं थोपटा. दात आलेल्या बाळाने बाटली तोंडात धरून झोपणं दातांसाठीही वाईट.

जेवताना पेल्यातून थोडं पाणी सुरू करा, खाणं घट्ट झालं की शौचाला कडक होते. दिवसाचं थोडं दूधही पेल्यातून द्या, वर्षानंतर बाटली सोडणं सोपं जातं. आणि दूध कमी करण्याच्या काळात ओले डायपर मोजा. ते एकदम कमी झाले, दर घासाला खोकला किंवा उलटी होत असेल, वजन थांबलं, चेहरा फिकट दिसू लागला, तर धाग्यावर विचारत बसू नका, डॉक्टरांकडे जा. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या पालकांनी इथलं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नये, त्यांचं वय वेगळं मोजतात.

रांगतंघर
ताई, वर्षाचं झाल्यावर मोठ्या मुलांसाठीचा वेगळा फॉर्म्युला घ्यावा लागतो का?

वॉर्डातलीताई
नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही वर्षानंतर त्याची शिफारस नाही. जेवण नीट असेल तर साधं दूध पुरतं. वर्षाच्या आत मात्र मुख्य पेय म्हणून साधं दूध नको, त्यात लोह अगदी नगण्य असतं.

सानुलीचाबाबा
१९ दिवसांनी लिहितोय. पहिले चार दिवस काहीच बदललं नाही आणि मी जवळजवळ सोडून देणार होतो. पाचव्या दिवशी १२ च्या जेवणाला तिने रताळ्याचा तुकडा उचलला, बराच वेळ पाहिला आणि चोखला. मी शेजारी बसून माझं जेवत राहिलो, काही बोललो नाही. आता कुस्करलेली डाळ-भात अर्धी वाटी जाते, अंडं आवडतं, गाजर रोज खाली टाकते. परवा दिवसभरात सगळे मिळून चारच घास खाल्ले, काल दोन वेळा मागून घेतलं.

दूध सकाळी २१०, दुपारच्या दोन वेळांना १५०, झोपताना १८०, म्हणजे ६९०. रात्रीचं बंद. दोन रात्री रडली, तिच्या आईने थोपटलं, आता उठते आणि पुन्हा झोपते. वजन ८ किलो ४५०. ओले डायपर आधीसारखेच. मोबाइल जेवणाच्या खोलीत आणत नाही.

एकच प्रश्न उरलाय. आज सकाळपासून सर्दी आणि कणकण आहे, खाणं पूर्ण बंद, फक्त दूध मागतेय. दिलं तर पुन्हा पहिल्यासारखं होईल का?

वॉर्डातलीताई
द्या, मागेल तेवढं द्या. आजारपणात आधी पाणी आणि दूध पोटात राहणं महत्त्वाचं. खाणं समोर ठेवा, आग्रह नको. बरी झाली की दोन-चार दिवस जास्त भूक लागते, तेव्हा जेवणाच्या वेळा परत तशाच ठेवा आणि एखादं जेवण वाढवा. ताप वाढला किंवा दूधही नको म्हणाली तर आजच दाखवून या, आणि इथे कळवा.