‘न्यूमोनोअल्ट्रा…’ तोडायचा कुठे?

प्रश्न : ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कॉपिकसिलिकोव्हॉल्केनोकोनिओसिस’ हा ४५ रोमन अक्षरांचा शब्द म्हणताना कुठे तोडावा? देवनागरीत लिहून मोजला तर २२ अक्षरे भरतात, पण त्यात १९ सिलॅबल असल्याचे वाचले. चूक कोणती?

उत्तर : चूक कोणतीच नाही, मोजमापे दोन आहेत. आपण मोजतो ती लिपीतली अक्षरे, तर सिलॅबल म्हणजे एका स्वराच्या आधाराने उच्चारला जाणारा तुकडा. ‘घर’ लिहिताना दोन अक्षरे असतात, पण बोलताना शेवटचा ‘अ’ गळून एकच तुकडा उरतो, तसेच इथे होते. ‘मायक्रो’तला य, ‘स्कॉपिक’मधला क आणि अखेरचा स हे तिन्ही आधीच्या अक्षराला चिकटतात, आणि ते वजा केले की बरोबर १९ उरतात : न्यू-मो-नो-अल्-ट्रा-माय्-क्रो-स्कॉ-पिक्-सि-लि-को-व्हॉल्-के-नो-को-नि-ओ-सिस्.

अर्थाची फोड मात्र निराळी आहे. ‘न्यूमोनो’ म्हणजे फुप्फुसाचे, ‘अल्ट्रामायक्रोस्कॉपिक’ म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्याही पलीकडचे, ‘सिलिको’ म्हणजे सिलिकाचे, ‘व्हॉल्केनो’ हा ज्वालामुखी, ‘कोनि’ हे ग्रीक ‘कोनिस’ म्हणजे धूळ यावरून आलेले, आणि ‘ओसिस’ हा विकार दाखवणारा प्रत्यय. उच्चारात ‘स्कॉपिक’ हे ‘स्कॉ-पिक्’ असे तुटते. अर्थाने मात्र तो ‘स्कॉप’ अधिक ‘इक’ असा आहे. पाठ करताना अर्थाची फोड धरावी, म्हणताना उच्चाराची.

हा शब्द दवाखान्यात मात्र ऐकू येणार नाही. अमेरिकेतील नॅशनल पझलर्स लीग या कोडेप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो १९३५ च्या सुमारास केवळ लांबीसाठी जुळवला. वैद्यकात अशा विकाराला ‘सिलिकोसिस’ म्हटले की भागते.

पुरवणी : वरील फोड मान्य आहे, पण आघाताचा उल्लेख राहिला. इंग्रजीत मुख्य आघात शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, म्हणजे ‘ओ’वर येतो, जसा तो ‘सिलिकोसिस’मध्ये ‘को’वर येतो. आपण मराठी बोलणारे सगळ्या तुकड्यांना सारखेच वजन देतो, त्यामुळे उच्चार शुद्ध असूनही शब्द एकसुरी वाटतो. दुसरे असे, की ‘नो’ आणि ‘अल्’ हे दोन स्वर शेजारी आले म्हणून त्यांचा संधी करून ‘न्यूमोनोल्ट्रा’ म्हणू नये, कारण तसे केले की एक तुकडा गळतो आणि १८ च उरतात. सुरुवातीच्या मूक ‘पी’ची भीती आपल्याला नाही, ‘न्यूमोनिया’ म्हणताना तो आपण कधीच सोडून दिला आहे.