आयरिशमध्ये व्यक्तिनामाचे विशेषण: प्रत्यय हवा की षष्ठी?

धागालेखक: आयरिशमध्ये व्यक्तिनामाला ‘-अख़’ हा प्रत्यय लावून विशेषण करतात: मार्क्सपासून ‘मार्क्सख़’, ल्यूथरपासून ‘ल्यूतरख़’, आणि जॉर्जच्या ‘शोर्श’ या आयरिश रूपापासून, डब्लिनमधील जॉर्जकालीन घरांना लावतात ते ‘शोर्शख़’. माझे मत असे की, शक्य तेथे षष्ठीऐवजी हेच रूप वापरावे. कारण परके नावही त्यामुळे आयरिश व्याकरणात पुरते मुरते. ‘त्योरिक’ (सिद्धांत) हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे त्यापुढे ‘मार्क्सख़’चा आद्य ‘म’ मृदू होऊन ‘त्योरिक वार्क्सख़’ असे म्हणावे लागते. पुढे याच विशेषणापासून ‘मार्क्सख़स’, म्हणजे मार्क्सवाद, तयार होतो. आपल्याकडे क्रम उलटा आहे: आधी मार्क्सवाद, मग मार्क्सवादी.

प्रतिसाद १: मी सहमत नाही. ‘वार्क्सख़’ ऐकून नवशिक्याला मार्क्स सापडणार कसा? शिवाय हेच रूप नाम म्हणूनही चालते. ‘ग्यारल्तख़’ म्हणजे फिट्झजेराल्ड घराण्यातील माणूस, आणि त्या घराण्याविषयीचे विशेषणही तेच. षष्ठीत हा घोटाळा होत नाही. पायथागोरसचा सिद्धांत सांगताना आयरिशमध्ये षष्ठीच वापरतात, आणि त्यात काही उणे वाटत नाही.

धागालेखक: तुमचे हे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते. त्या सिद्धांताला ‘त्योरिम फ़ीतगराश’ म्हणतात. म्हणजे षष्ठीतही आरंभीचा ‘प’ टिकला नाही आणि शेवटचा ‘स’ही बदलला. विशेषणाचा आद्य वर्ण निदान पुल्लिंगी एकवचनी नामापुढे प्रथमेत जसाच्या तसा राहतो, परंतु आयरिश व्यक्तिनाम षष्ठीत असले की आधीचे नाम पुल्लिंगी असूनही ते मृदू होते. ‘त्याख़’ (घर) पुल्लिंगी आहे, तरी शॉनचे घर ‘त्याख़ हॉन’ असेच होते.

प्रतिसाद १: वर्णबदलाचा मुद्दा मी मागे घेतो, अर्थाचा मात्र नाही. मार्क्सने स्वतः लिहिलेले पत्र आणि मार्क्सच्या विचारांच्या वळणाने कोणीही लिहिलेले पत्र, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या पत्राला ‘मार्क्सख़’ म्हटले, तर ते कोणी लिहिले हेच वाचकाला कळणार नाही.

प्रतिसाद २: मला हाच मुद्दा निर्णायक वाटतो. ‘-अख़’ स्वामित्व दाखवत नाही, तो जातकुळी दाखवतो. म्हणूनच तो घराण्यांच्या नावांना इतका सहज लागतो. धागालेखकांनी ‘शक्य तेथे’ ऐवजी ‘विचारसरणी, काळ आणि घराणे यांपुरते’ असे म्हटले असते, तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो.